तोंड बंद, डोकं चालू!

"काय रे, प्लस किती?"

लास वेगासमध्ये ब्लॅकजॅकच्या टेबलवर, ऐन डावात माझ्या रूममेटने खणखणीत आवाजात विचारलं. मराठीत बोललं की कुणाला कळतंय, हा त्याचा फंडा. पण 'प्लस' कळायला मराठी कशाला यायला हवं?

पत्ते मोजण्याचं गणित तसं सोपं आहे. २ ते ६ निघाला की अधिक एक. ७, ८, ९ला शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का निघाला की उणे एक. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागायचं. उत्तर मोठं, म्हणजे मोठी पानं अजून शिल्लक आहेत. तेव्हा पैसे वाढवायचे. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने १९६२मध्येच 'बीट द डीलर' या पुस्तकातून मोजणीची विद्या जगापुढे मांडली. फायदा किती? सगळं बिनचूक जमलं तर साधारण एक टक्का!

डोक्यात मोजणं नेवाडात गुन्हा नाही. पण कसिनोला संशय आला, तर 'आता उठा' म्हणायचा हक्क त्यांना आहे. न्यू जर्सीत १९८२च्या निकालामुळे नुसत्या मोजणीसाठी हाकलता येत नाही, पण तिथेही पत्ते लवकर पिसतातच.

मी नुकतेच १०चे ८० डॉलर केले होते. तेवढ्यात शेजारचे टोपीवाले आजोबा कौतुकाने म्हणाले, "पोरगा मोजतोय वाटतं!" झालं! सुटातला पिट बॉस मागे येऊन उभा राहिला.

मी हसून म्हटलं, "मोजता येत असतं तर विमानात शेवटच्या रांगेत बसून आलो असतो का?" आजोबा हसले. पिट बॉस नाही हसला. डीलरला त्याने हळूच काहीतरी सांगितलं आणि अर्धे पत्ते शिल्लक असतानाच पिसणं सुरू झालं. मोजणी पाण्यात! वाद न घालता चिप्स उचलल्या आणि निघालो.

बाहेर आल्यावर रूममेटवर जाम भडकलो. तो गप्प. मग म्हणाला, "यार, अर्धे पैसे माझे होते. आपण बुडतोय की तरतोय, एवढंच कळायला हवं होतं."

खरं होतं. 'तिथे तोंड उघडू नकोस' एवढंच मी त्याला बजावलं होतं. एक टक्क्याचा फायदा असूनही अख्खी रात्र हरण्यात जाऊ शकते, हे सांगितलंच नव्हतं. घाबरलेला माणूस बोलणारच ना!

आता बसण्याआधीच हिशेब होतो: किती गेले की उठायचं आणि टेबलवर फक्त जेवणाचं बोलायचं. अनोळखी आजोबांना हसून टाळता येतं; पार्टनरला मात्र आधीच सगळं सांगावं लागतं.