लॅपटॉपची डिस्क बदलताना: आधी नोंदी, मग मशीन



आजची नोंद बागेतली नाही, लॅपटॉपची आहे. पण ज्यांच्या फवारणीच्या, खताच्या, गड्यांच्या नोंदी लॅपटॉपवर आहेत त्यांनी वाचावी. सध्या देवरूखात तरवा उगवून आलाय, लावणीला अजून थोडे दिवस आहेत. मशीनची कामं याच सवडीत उरकावीत. मोहोराच्या दिवसांत डिस्क गेली तर तिच्याकडे बघायलाही वेळ नसतो.

आमचा लॅपटॉप २०१६ सालचा. आत एक टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क. या जूनमध्ये ती कुरकुरायला लागली. सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं, फाइल उघडताना मध्येच सगळं गोठायचं, आणि आतून टक्‌ टक्‌ असा आवाज. हा आवाज आला की समजायचं, डिस्कचे दिवस भरत आलेत.

फिरत्या डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. माझ्या डिस्कमधल्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात. वाचणारं टोक तबकडीला न टेकता काही नॅनोमीटरवरून तरंगतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावरून. त्यात आपल्याकडची दमट हवा, पावसाळ्यात जाणारी-येणारी लाईट, आणि बागेतून घरी, घरातून बाजारात अशी मशीनची ने-आण. नऊ-दहा वर्षं चालली हेच पुष्कळ.

माझ्यासाठी प्रश्न मशीनचा नव्हता, आतल्या नोंदींचा होता. दर पावसाळ्याच्या तोंडाशी मी सगळ्याची नक्कल घेतो. यंदा ती वेळ यायच्या आधीच डिस्क कुरकुरली, म्हणजे संपलेल्या हंगामाच्या नोंदी फक्त तिच्यावर होत्या. त्यात सगळ्यात मोलाचा तक्ता कल्टारचा, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोलचा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली औषध द्यायचं. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी ८ मीटर आली तर २४ मिली. हे औषध जमिनीत बराच काळ राहतं. म्हणून कुठल्या झाडाला गेल्या वर्षी किती दिलं, त्याला मोहोर कसा आला, पालवी आखडली का, हे माहीत असल्याशिवाय यंदाचा डोस ठरवता येत नाही. अंदाजाने जास्त घातलं तर झाड खचतं, कमी घातलं तर खर्च फुकट. प्रत्येक झाडाला नंबर आहे आणि नंबरापुढे हा सगळा इतिहास आहे. तो गेला असता तर बाजारात कुठेही विकत मिळाला नसता.

फवारणीच्या नोंदीचंही तेच. तुडतुडे, भुरी, फुलकिडे यांच्यासाठी कोणतं औषध कोणत्या तारखेला मारलं आणि काढणीपर्यंत किती दिवस गेले, हे निर्यातीचा माल घेणारा विचारतो. निर्यातीसाठी बाग अपेडाच्या मँगोनेटवर नोंदलेली असेल तर कागद चोख लागतातच. १ मे २०१४ पासून युरोपने फळमाशीमुळे आपला आंबा बंद केला होता, तो जानेवारी २०१५ मध्ये उठला. तेव्हापासून नोंदीला किती किंमत आहे ते बागायतदारांना सांगावं लागत नाही.

तर डिस्क टकटक करायला लागली की पहिला नियम: तिच्यावर नवीन काही लिहायचं नाही. दुरुस्तीचा प्रोग्राम त्याच डिस्कवर टाकायचा नाही, डिफ्रॅग करायचं नाही, चेकडिस्क चालवायचं नाही. आजारी बैलाला नांगराला जुंपण्यासारखं आहे ते. पुन्हा पुन्हा बंद-चालूही करायचं नाही. दर वेळी सुरू होताना विंडोज शेकडो फाइली वाचतं आणि लिहितं, आणि डिस्कचं उरलेलं आयुष्य त्यातच संपतं.

भाच्याने त्याच्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट तयार करून आणलं. हे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालतं. लॅपटॉप सुरू करताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला (काही मशीनवर एफ२, एफ९ किंवा एस्केप असतं), आणि जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. मग क्रम ठरवून काढलं. आधी कल्टारचा तक्ता आणि फवारणीची वही, मग माती परीक्षणाचे अहवाल, मग सातबारा-पासबुकाचे स्कॅन, शेवटी फोटो. बरेच जण फोटोंपासून सुरुवात करतात. ते आकाराने मोठे, त्यातच डिस्क दम तोडते आणि बारीक पण कामाच्या फाइली मागे राहतात.

बाकी सगळं आलं, दोन फाइली अडल्या. त्यातली एक नेमकी कल्टारची. कॉपी करताना अर्ध्यावर थांबायची. मग डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. तो फाइल बघत नाही, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घेतो. आधी चांगला भाग भराभर वाचतो, खराब जागा सोडून देतो आणि त्यांचा नकाशा लिहून ठेवतो. मग मागे वळून त्या सोडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दोन टेराबाइटची बाहेरची डिस्क लावून रात्रभर चालू ठेवलं. पहाटे लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी जुनी, मशीन बंद पडलं. पण नकाशा असल्यामुळे सकाळी जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. दुपारी नक्कल उघडली, कल्टारचा तक्ता पूर्ण निघाला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून बघितल्यावरच जेवायला बसलो.

दुसरी फाइल एप्रिलच्या काजूच्या वजनांची होती, ती आली नाही. ती पडवीतल्या कालनिर्णयवरून आणि विक्रीच्या पावत्यांवरून पुन्हा भरली. कोणत्या दिवशी किती गोळा झाला, कुणाचा खाडा होता, हे आमच्याकडे आधी कॅलेंडरवर लिहिलं जातं. कागद सोडू नका एवढंच यातून सांगतो.

नोंदी सुखरूप बाहेर आल्यावर मशीनला हात लावला. ते काम लोक समजतात त्यापेक्षा सोपं आहे. चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर काढायची, आतली असेल तर झाकण उघडल्यावर आधी तिची पिन सोडवायची. एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावून ठेवायचा, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतली पट्टी फुटते. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसलेली असते. ती आडवी सरकवली की पिनांतून सुटते. नवी त्याच चौकटीत बसते. जुनी साडेनऊ मिलिमीटर जाडीची आणि नवी सातची असेल तर सोबत येणारी प्लॅस्टिकची पट्टी लावायची, नाहीतर ती आत हलते.

नवी डिस्क एसएसडी घेतली, अडीच इंची साटा, ५०० जीबी. त्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे धक्क्याची भीती कमी. खर्च बॅटरीच्या पाठपंपाच्या आसपास. आधी दहा मिनिटांत सुरू होणारं मशीन आता अर्ध्या मिनिटात उघडतं. झाड तोडायचं नसतं, खुंट चांगला असेल तर वरचं कलम बदलायचं, तसंच हे. पण एक लक्षात ठेवा: एसएसडी काढून वर्षानुवर्षं विजेविना कपाटात ठेवली तर त्यातला मजकूर पुसट होऊ शकतो. रोजच्या कामाला ती उत्तम, जुनं जपायला एकटी पुरेशी नाही.

आता ऑपरेटिंग सिस्टीम कोणती? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, २०१६ च्या मशीनमध्ये ते बसत नाही. विंडोज १० च पुन्हा टाकायचं असेल तर परवाना सहसा मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्क बदलली म्हणून तो जात नाही. मी मात्र लिनक्स मिंटच कायमचं टाकलं. ४ जीबी रॅमवर नीट चालतं. सातबारा, महाडीबीटी ही कामं ब्राउझरमधूनच होतात, तक्त्यांना लिब्रेऑफिस आहे. इन्स्टॉल व्हायला अर्धा तास लागला. नंतरचे अपडेट मोबाइलच्या इंटरनेटवरून घेतले, त्याला मात्र रात्र गेली.

इथवर सगळं ठीक. खरी अडचण पुढे आली, आणि ती फक्त आपल्या भाषेतली आहे. २००९-१० च्या जुन्या नोंदी उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फाइल खराब नव्हती. तेव्हा आपण श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टमध्ये टाइप करायचो. त्यात आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, फॉन्ट फक्त त्याच्यावर मराठी मुखवटा चढवतो. नव्या सिस्टीममध्ये तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. म्हणून जुनी डिस्क टाकण्याआधी विंडोज फोल्डरातला फॉन्ट्स नावाचा फोल्डर आठवणीने काढून घ्या. मी तो घेतला होता. फॉन्ट टाकले, मजकूर वाचता आला, आणि मग परिवर्तकातून एकेक फाइल युनिकोडमध्ये आणली.

परिवर्तन झाल्यावर डोळ्यांखालून घालावंच लागतं. सगळ्यात जास्त घोळ 'ऱ्य'चा होतो. शेतकऱ्यांचं, वाऱ्याचं, दुसऱ्याचं, सगळं बिघडतं. पहिली वेलांटी कधी कधी एक अक्षर पुढे सरकते. आकड्यांचा तक्ता तर मूळ प्रतीशी ताडूनच बघा, कारण ३ मिली आणि ३० मिली यात एका शून्याचाच फरक आहे. यापुढे मजकूर युनिकोडमध्ये आणि तक्त्यातले आकडे इंग्रजीत, म्हणजे कुठल्याही मशीनवर बेरीज होते. टायपिंगला इनस्क्रिप्ट किंवा उच्चाराप्रमाणे, जे हाताला जमेल ते. दोन्ही आयतं मिळतं.

आता नोंदी तीन जागी आहेत. एक लॅपटॉपवर. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट. तिसरी घराबाहेर, रत्नागिरीला भावाकडे. तिसरी का? २२ जुलै २०२१ ला चिपळूणला जे झालं ते आपण बघितलंय. पाणी घरात शिरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्या कपाटातली नक्कल एकाच पाण्यात गेली असणार. नक्कल त्याच छपराखाली असेल तर ती आगीला, विजेला आणि पुराला एकच वस्तू. आणि नक्कल घेतली म्हणजे काम झालं असं नाही. दुसऱ्या मशीनवर उघडून, दर वर्षाची एक तरी फाइल वाचून बघितली की मग झालं.

जुनी डिस्क भंगारात तशीच देऊ नका. तिच्यात आधार, पासबुक, सातबारा सगळं आहे. सहा महिने ठेवा, नव्याची खात्री झाली की गोणपाटात गुंडाळून हातोडा घाला. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते, उघड्यावर फोडली तर तुकडे डोळ्यांत उडतील.

जाता जाता या पानावर येणाऱ्या कृषी अधिकारी आणि शास्त्रज्ञ मंडळींना एक विनंती. आपल्या शिफारशींच्या कितीतरी जुन्या घडीपत्रिका आणि पीडीएफ अजून जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात 'तुडतुडे' शोधलं तर सापडत नाही, तक्ता उचलून आपल्या वहीत चिकटवला तर खिचडी होते, मग शेतकरी हाताने उतरवतो आणि दशांश चिन्ह कुठेतरी हरवतं. हंगामाचं वेळापत्रक साध्या युनिकोड तक्त्यात दिलंत तर ते थेट आमच्या नोंदीत बसेल, आणि पुढची डिस्क गेली तरी वाचता येईल.

कल्टारचा यंदाचा तक्ता काल छापून घेतला. कलमांचे व्यास पुन्हा मोजायला पावसाने उघडीप दिली की सुरुवात करतोय. मोजून झाले की ते आकडे इथे टाकतो.