बंडी की रेंगी?

मामेभावाच्या डोक्यात सध्या एकच खूळ आहे, पिकअप खाली बसवायची. पवनारला मामाकडे बोलेरो पिकअप आहे, एकच. आणि भावाने बघितलेत कॅलिफोर्नियातल्या गाड्यांचे व्हिडिओ... चासी रस्त्याला टेकलेली, गाडी जणू पोटावर झोपलेली. "दादा, तू इंजिनिअर हायेस ना, मांगचं सस्पेन्शन कोन्तं टाकू सांग!" आता मी जावा लिहून पोट भरतो, पण भावाला नाही कसं म्हणणार :)

तर मंडळी, पर्याय तीन.

पहिला, एखादा पाटा काढून टाकायचा. जवळपास फुकट. पण गाडी खाली येते ती ताकद गेल्यामुळे.

दुसरा, फ्लिप. पिकअपचा एक्सल पाट्यांच्या खाली असतो, तो पाट्यांच्या वर घ्यायचा. गाडी पाच-सहा इंच खाली, पाटे तेच. गोची अशी की एक्सल आणि चासीमधली जागाही तेवढीच घटते. मग चासीला खाच कापून वेल्डिंग करा.

तिसरा, एअर बॅग. बटण दाबलं की वर, दाबलं की खाली. पण पाटे नुसतं वजन पेलत नाहीत, एक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. हवेच्या पिशवीला ते जमत नाही. म्हणजे फोर लिंकचे दांडे आले, कॉम्प्रेसर आला, टाकी आली.

या वर-खाली प्रकरणाचं मूळ मजेशीर आहे. १९५८ साली कॅलिफोर्नियाने गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खाली न्यायला बंदी केली. १९५९ साली रॉन अगिरेने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक्स लावली. पोलीस दिसला की गाडी वर! आपल्याकडे मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

मामाने कायदा वगैरे काढलाच नाही. "अन् कापूस काय तुह्या डोक्शावर नेऊ?" एवढंच.

हिशेब सरळ आहे. समजा १२ क्विंटल कापसाने पाटे चार इंच दबतात आणि खाली जागा उरलीये तीन इंच, तर माल भरतानाच एक्सल चासीला टेकणार आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला दणका थेट चासीला बसणार. ती मोडली तर अख्खा हंगाम भाड्याच्या गाडीवर.

आपल्याकडे माल न्यायला बंडी आणि माणसं न्यायला रेंगी, असं पूर्वीपासून वेगळं का होतं, ते मला हे गणित करताना कळलं. मागचं सस्पेन्शन निवडणं म्हणजे ही गाडी यापुढे काय करणार नाही, ते ठरवणं.

अर्थात भावाची एक तक्रार खरी आहे. रिकामी पिकअप उडते. उडणारच, पाटे भरलेल्या गाडीसाठी बनलेत. त्यावर नवे शॉकअप, नवे बुश आणि रिकाम्या गाडीला कंपनीने सांगितलेलीच हवा, एवढं सुचवलं. मामाने लगेच हो म्हटलं.

भाऊ अजून रुसलाय. म्हणतो, स्वतःच्या पैशाने जुनी गाडी घेईन आणि प्रायव्हेट जागेत शोला उभी करीन. घे बाबा, ती रेंगी असेल. फ्लिपचं ड्रॉइंग मी काढून देतो.