गोळी सारखी, जगणे सारखे नाही

वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. बी.कॉम. होऊन वीस वर्षांच्या वर काळ लोटला. नोकरी कारकुनाची आणि उरलेला वेळ वस्तीतील महिला मंडळाचा. अशा बाईने एका विद्यापीठाच्या ‘आरोग्य संवर्धन आणि आरोग्यातील समन्याय’ या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव का नोंदवावे, असे अनेकांनी विचारले. एक सहकारी तर म्हणाले, “मॅडम, आता डॉक्टर होणार का?” मला डॉक्टर व्हायचे नव्हते. आपल्या वस्त्यांतील माणसे पन्नाशीच्या आतच का खचतात, हे मला समजून घ्यायचे होते.

रात्रीची भांडीकुंडी आवरली की साडेनऊ ते अकरा मोबाईलवर अभ्यास. व्याख्याने इंग्रजीत. एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, वहीत शब्द लिहायचा, अडले तर मुलीला विचारायचे. बरोबरीचे विद्यार्थी बहुतेक परिचारिका आणि डॉक्टर. पण वस्तीतील अनुभव माझ्या गाठीशी होता आणि त्या अभ्यासात तोच अधिक कामी आला.

आरोग्य संवर्धन म्हटले की हात धुवा, तंबाखू सोडा असे फलक डोळ्यांपुढे येतात. पण २१ नोव्हेंबर १९८६ रोजी कॅनडातील ओटावा येथे जागतिक परिषदेने जो जाहीरनामा स्वीकारला, त्यात पाच कामे सांगितली आहेत: आरोग्याला पोषक धोरणे आखणे, पोषक परिसर घडविणे, लोकांची सामूहिक कृती बळकट करणे, व्यक्तीची कौशल्ये वाढविणे आणि आरोग्यसेवेची दिशा बदलणे. फलकाचे काम या पाचांपैकी फक्त एकात बसते. उरलेली चार कामे सरकारची, समाजाची आणि दवाखान्याची आहेत.

अभ्यासक्रमातील एका धड्याने माझी झोपच उडविली. तो धडा कारकुनांचाच होता. इंग्लंडमध्ये १९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सतरा हजारांहून अधिक पुरुष नोकरांची तपासणी सुरू झाली. ‘व्हाइटहॉल अभ्यास’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. यातील कोणीही बेकार नव्हता, कोणी उपाशी नव्हता आणि सरकारी दवाखाना सर्वांना मोफत होता. तरीही दहा वर्षांच्या पाठपुराव्यात असे दिसले की, सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आहे. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब धरूनही हा फरक पुरता उलगडला नाही. आणि दरी केवळ वरच्या व खालच्या टोकांत नव्हती. प्रत्येक पायरीवरचा माणूस त्याच्या वरच्या पायरीवरील माणसापेक्षा लवकर मरत होता. सर मायकल मारमॉट यांनी पुढे याच विषयावर आयुष्य वेचले.

वाचकहो, पायऱ्यापायऱ्यांची ही विषमता आपल्याला नवी आहे काय? ‘श्रेणीबद्ध विषमता’ हा शब्द बाबासाहेबांनी आपल्याला केव्हाच दिला आहे. त्यांनी तो जातिव्यवस्थेसाठी वापरला. लंडनची शिडी नोकरीच्या श्रेणीची आणि आपली जातीची, हा फरक आहेच. पण माणूस शिडीच्या कोणत्या पायरीवर उभा आहे, हे त्याच्या आयुष्याच्या दोरीवरही लिहिलेले असते, हे मला त्या धड्याने दाखविले.

अभ्यासक्रमासाठी एक प्रकल्प करायचा होता. मी आमच्याच गल्लीतील क्षयरोग घेतला. नाक्यावर उभे राहून बिगारी काम मिळविणाऱ्या एका भावाला टीबी निघाला होता. औषध मोफत होते. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. पण दवाखाना उघडतो नऊ वाजता आणि नाक्यावर मुकादम माणसे उचलतो आठ वाजता. दवाखान्यात गेला की खाडा, आणि खाडा झाला की चूल पेटत नाही. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात ताकद आली आणि त्याने गोळ्या सोडल्या. लोक म्हणाले, “बेफिकीर माणूस आहे.” मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “ताई, खोकला राहिला तर सहा महिन्यांनी मरीन, काम राहिलं तर आठवड्यात पोरं उपाशी मरतील.”

समानता आणि समन्याय यांतील फरक या एका वाक्यात आहे. सर्वांना सारखी गोळी देणे ही समानता झाली. ती गोळी पोटात जाईल अशी सोय ज्याला त्याला गरजेप्रमाणे करून देणे, हा समन्याय होय.

आम्ही काय केले? वस्तीतील आशाताईंना बरोबर घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पुन्हा थुंकी तपासून औषध सुरू केले. गावातील विश्वासू व्यक्ती उपचार साहाय्यक होऊ शकते, अशी या कार्यक्रमात सोय आहे. मंडळातील एका किराणा दुकानदार भगिनीने ती जबाबदारी घेतली. तो कामावरून परतताना तिच्या समोर गोळ्या घेई. टीबीच्या रुग्णाला सरकार पोषण आहारासाठी पैसे देते. एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. त्याचे बँक खाते बंद पडलेले होते. ते अर्ज भरणे तर माझे रोजचेच काम! त्याचा उपचार पूर्ण झाला.

आहार हा उपकार नव्हे, उपचारच आहे. झारखंडमध्ये चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना जादा शिधा देऊन पाहण्यात आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले आढळले. ही कोणती नवी लस नव्हे. डाळ आणि तांदूळ!

मात्र त्या भावाची खोली आजही बिनखिडकीची आहे. पाच माणसे तिथे झोपतात. टीबीचे जंतू हवेतून पसरतात आणि त्या खोलीत हवाच खेळत नाही. दवाखाना आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी उघडा असावा, असा अर्ज आम्ही पन्नास सह्यांनिशी दिला आहे. अद्याप उत्तर नाही.

बंधू-भगिनींनो, आपण जयंतीच्या निमित्ताने आरोग्य शिबिरे भरवितो. ती जरूर भरवावीत. पण त्या दिवशी मंडपात आणखी एक टेबल मांडा. त्यावर एक कोरी वही ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: तुमच्या दवाखान्याची वेळ काय, कामाची वेळ काय, खोलीला खिडकी किती, नळाला पाणी किती वेळ? ती वही घेऊन नगरसेवकाकडे आणि आरोग्य अधिकाऱ्याकडे जा. पदवी नसली तरी चालेल. हे काम कोणत्याही कारकुनाला, कोणत्याही गृहिणीला जमण्यासारखे आहे.