यल्लम्माच्या डोंगरावर

आपल्या बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माचे नाव निघत नाही असे घर सापडणे कठीण. मराठी घरात ती रेणुका, कन्नड घरात यल्लव्वा. आमच्या घरात दोन्ही भाषा, त्यामुळे दोन्ही नावे. तरीही लग्नाला वीस वर्षे होऊन मी डोंगरावर कधी गेले नव्हते. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. देवदासी प्रथा शिकवताना कर्नाटकाचा 1982 चा आणि महाराष्ट्राचा 2005 चा कायदा फळ्यावर लिहायचा आणि त्याच देवीच्या रांगेत उभे राहायचे, हे मला जमण्यासारखे नव्हते.

मे 2021 मध्ये माझे धाकटे दीर करोनाने गेले. शेवटचे तोंडही पाहायला मिळाले नाही. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अव्वाच म्हणतो, त्या दिवसापासून मिटल्यासारख्या झाल्या. डॉक्टर झाले, समुपदेशन झाले, गोळ्या सुरू झाल्या. नवख्या माणसाने "मुलं किती?" असे सहज विचारले, तरी उठून आत जायच्या. 2023 च्या संक्रांतीनंतर एके दिवशी म्हणाल्या, "भारत हुण्णिमेला गुड्डाला जाऊन परडी भरायची आहे. तू येशील?" मुलाला नव्हे, मला विचारले. मी नाही म्हणू शकले नाही.

माघी पुनव त्या वर्षी 5 फेब्रुवारीला, रविवारी आली. बेळगावहून सौंदत्ती सुमारे 80 किलोमीटर, पण बैलहोंगल मागे पडल्यावर गाडी पायी चालल्यासारखीच जात होती. ट्रॅक्टर, टेम्पो, घुंगरमाळा घातलेल्या बैलगाड्या, त्यात कोल्हापूरकडच्या एसट्या. सौंदत्ती म्हणजे जुने सुगंधवर्ती, बेळगावच्या आधीची रट्टांची राजधानी; आज तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. सगळ्यांचे डोळे डोंगराकडे. रिवाजाप्रमाणे आधी जोगुळभावीला अंघोळ, सत्यम्माचे दर्शन, मग वर. देऊळ 1514 साली रायबागच्या बोमप्पा नायकाने बांधले असे सांगतात. मी गोपुर न्याहाळत होते, तर अव्वा चूल मांडायला जागा शोधत होत्या.

परडी भरणे, कन्नडमध्ये पडलगी, हे देवळाच्या आत नव्हे, बाहेर उघड्या माळावर चालते. तीन दगडांची चूल, धूर, भंडाऱ्याने पिवळी झालेली माती, कुठेतरी चौंडके आणि "उधो उधो". नैवेद्य परडीत भरायचा, जोगतिणींना बोलावून बसवायचे, वाढायचे. आमच्या शेजारी कागलकडचे कुटुंब होते. त्यांचे मीठ संपले, आमची काडेपेटी ओली झाली. देवाणघेवाण झाली. त्या बाईंना कन्नड येत नव्हते, अव्वांना मराठी पुरते येत नाही, पण काही अडले नाही.

आमच्याकडे बसलेल्या जोगतिणींत एक सत्तरीच्या होत्या. अव्वांनी कडबू वाढले आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. "मक्कळ एष्ट, यव्वा?" माझ्या पोटात गोळा आला. अव्वांच्या हातातली पळी थांबली. मग म्हणाल्या, "इब्बरु." दोघे. धाकटा गेला. त्याला कडबू फार आवडायचे, गरम असताना पळवायचा. एवढे बोलून रडायला लागल्या, दीड-पावणेदोन वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने. त्या जोगतिणीने हात धुतला नाही, तशाच डाव्या हाताने अव्वांची पाठ चोळत राहिल्या. "अळब्याड" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. रडू दिले. कागलच्या बाई येऊन बसल्या. त्या गर्दीत कोणालाच त्याचे विशेष वाटले नाही. तिथे जो तो काही ना काही घेऊनच आलेला असतो. घरी आम्ही अव्वांना रडू नका म्हणूनच सांगत होतो.

गोळ्या अजून चालू आहेत, हेही सांगायला हवे. डोंगराने डॉक्टरांचे काम केले असे मी म्हणणार नाही.

नंतर त्या माझ्याशी बोलल्या. आठव्या वर्षी केसात जट निघाली म्हणून गळ्यात मुत्तु बांधले. पुढचे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मला वर्गात शिकवण्याइतके माहीत आहे. मुलीला मात्र बांधू दिले नाही, ती अंगणवाडीत काम करते. मी विचारले, "देवीचा राग येत नाही?" त्या म्हणाल्या, "तिनं कुठं बांधलं, बाई? अप्पानं बांधलं."

अप्पाने कोणाच्या नावाने बांधले, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. वर्गात असते तर विचारलाही असता. माझ्या सासूला रडायला जागा देणारी श्रद्धा आणि आठ वर्षांच्या पोरीला विकून टाकणारी श्रद्धा, दोन्ही त्याच डोंगरावरच्या. यातली खरी एक आणि दुसरी अंधश्रद्धा, अशी सोपी वाटणी आपण करतो. पण परडी त्याच हातांत होती. कायदा आला, घटप्रभेला 1997 पासून पूर्वीच्या देवदासींचीच 'मास' संस्था काम करू लागली, तेव्हा कुठे प्रथा मागे हटली. नुसत्या भक्तीने ती हटली नसती, आणि ज्या बायकांनी ती हटवली त्यांतल्या कितीतरी आजही मंगळवार-शुक्रवार पाळतात. माझ्या टिपणांत हे कुठेच बसत नाही.

यंदाही गेलो होतो. महिलांना सरकारी बस मोफत झाल्यापासून अव्वांना गाडी नको असते, आणि बसमध्ये उभे राहायलाही जागा नसते. त्या जोगतीण दिसल्या नाहीत. अव्वांनी चार ठिकाणी चौकशी केली, तासभर परडी भरून तशीच ठेवली. शेवटी दुसऱ्या कोणाला तरी बसवले. परतताना चार कडबू केळीच्या पानात बांधून पिशवीत ठेवले होते. मी विचारले, "हे कोणासाठी?"

"ती अंगणवाडी कुठल्या गावात म्हणाली होती?" अव्वा म्हणाल्या.