मनमाडच्या रस्त्यावरचे चित्ररथ

मनमाड बघायला म्हणून कोणी मुद्दाम येत नाही. लोक इथे गाडी बदलायला उतरतात. कोणाला दौंडकडे जायचे असते, कोणाला छत्रपती संभाजीनगरवरून नांदेडकडे, कोणाला भुसावळकडे. चहा घेतला, बाटलीत पाणी भरले, की त्यांचे मनमाड झाले. आम्ही मात्र इथेच राहतो. आणि खरे सांगायचे तर आम्हीही मनमाड नीट पाहिले नव्हते. ते पाहायला लावले आमच्या सहावीतल्या मुलीने.

तिच्या चित्रकलेच्या वहीत दर पानावर तेच. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि नारळाची दोन झाडे. आम्ही विचारले, "मनमाडात नारळ कुठे पाहिलास गं?" ती म्हणाली, "पप्पा, सुंदर देखावा काढायचा असतो. आपल्याकडचं सुंदर काय काढू?"

आणखी एक गोष्ट आम्हाला ठाऊक होती. तिचा मामा ट्रक चालवतो. शाळेत मात्र ती सांगते, "मामा ट्रान्सपोर्टमध्ये आहे." ट्रक हा शब्द ती गिळते. एका रविवारी आम्ही तिला म्हणालो, "चल, वही घे. आज आपण सुंदर काय ते शोधू."

पहिल्यांदा गेलो मालेगाव चौफुलीकडे. पुणे–इंदूर रस्ता मनमाडमधून जातो. शिवाय इथे अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत. त्यामुळे ट्रक कधी कमी नसतात. मामाची गाडी एका पेंटरकडे उभी होती. पेंटरचाचा साठी ओलांडलेले. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा. काठी पत्र्यावर टेकवायची, तिच्यावर उजवा हात ठेवायचा आणि ब्रश ओढायचा. म्हणजे हात हलत नाही. मुलगी बघतच राहिली.

चाचांनी तिला सगळे समजावून सांगितले. कारखान्यातून ट्रक पुष्कळदा नुसता सांगाडा म्हणून येतो. मग सुतार, लोहार, वेल्डर मिळून त्याची केबिन आणि हौदा बांधतात. पेंटरचे काम शेवटी. आधी लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, अस्तर मारायचे, मग ऑइलपेंटचे हात द्यायचे. एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. त्यानंतर फाळक्यावर कमळ, बाजूला मोर, केबिनवर वेलबुट्टी. पिवळ्या अक्षराला लाल सावली दिली, की अक्षर पत्र्यातून उठून येते. आणि हे चित्र ऊन, पाऊस आणि डिझेलचा धूर सोसून टिकले पाहिजे.

"आता पोरं संगणकावर अक्षरं कापून आणतात," चाचा म्हणाले. "अर्ध्या तासात चिकटवतात. स्वस्त पडतं. त्यांचंही पोट आहे, आपण काय बोलणार?" त्यांचा मुलगा हे काम शिकलेला नाही.

फाळक्यावर पूर्वी हमखास असणारे 'हॉर्न ओके प्लीज' तिथे नव्हते. विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्रात २०१५ साली ते लिहायला बंदी झाली. ते चांगलेच झाले. मामाच्या गाडीला लिंबू-मिरचीही नाही. तो म्हणतो, "दाजी, लिंबाला रस्ता दिसत नाही. मी टायर आणि ब्रेक बघून निघतो." समोरच्या काचेवर त्याने निळ्या रंगात 'जयभीम' लिहून घेतले आहे.

तिथून पानेवाडीच्या बाजूला गेलो. तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत, आणि टँकरच्या रांगा लागतात. टँकरवर मोर नाही, वेलबुट्टी नाही. मुलगी म्हणाली, "यात काय सुंदर?" आम्ही तिला जवळून बघायला सांगितले. टाकी गोलसर का? कारण गोलाकार पत्र्यावर आतला दाब सारखा वाटला जातो, एका कोपऱ्यावर येत नाही. आत आडवे पडदे असतात, म्हणून ब्रेक मारल्यावर तेल एकदम पुढे उसळत नाही आणि गाडीचा ताबा सुटण्याचा धोका कमी होतो. खाली साखळी लोंबते, ती गाडीत साठलेली वीज जमिनीत सोडण्यासाठी, म्हणजे ठिणगी पडत नाही. जी वस्तू माणसाचा जीव वाचवण्यासाठी अशी घडली आहे, तिच्या आकाराला सुंदर का म्हणू नये? मुलीने वही काढली. साखळी तिने सगळ्यात आधी काढली.

परतताना रेल्वेच्या यार्डाजवळ थांबलो. मालगाडीच्या डब्यांवर पांढऱ्या अक्षरांत आकडे होते. मुलीचे पणजोबा याच रेल्वेत गँगमन होते. ते रुळाखालची खडी ठोकत, पण इंजिनाच्या कामाला कधी हात लागला नाही. हे त्यांच्या एकट्याचे नव्हते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथेच सांगितले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, कारखान्यात त्याला वरची जागा मिळत नाही, हे दुःखही त्यांनी मांडले. ज्या हातांना फक्त पहार आणि घमेले दिले गेले, त्या हातांत कला नव्हती असे कोण म्हणेल? त्यांना हत्यारच मिळू दिले नव्हते.

भदंत नागसेनांनी राजा मिलिंदाला रथाचा दाखला दिला, तो पुष्कळ वाचकांना माहीत असेल. नुसते चाक म्हणजे रथ नाही, नुसता आस म्हणजे रथ नाही; सगळे भाग जुळले की त्याला रथ हे नाव मिळते. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला याच मिलिंदाचे नाव आहे, आणि परिसराला नागसेनवन म्हणतात. ट्रकचेही तसेच आहे. सुतार, लोहार, वेल्डर, पेंटर, ड्रायव्हर, हमाल यांतला एक काढला तर ती गाडी राहत नाही.

मनमाडहून भुसावळ, भोपाळकडे जाणारे रूळ पुढे सांचीवरून जातात. सांचीच्या तोरणांवर रथ कोरलेले आहेत. दक्षिणेच्या तोरणावर एक लेख आहे: हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कष्टकऱ्यांनी आपल्या कामावर आपली ओळख ठेवली. आमच्या चाचांचे नावही फाळक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. आम्ही इतकी वर्षे ते वाचलेच नव्हते.

१४ एप्रिलला मामाच्या गाडीचा चित्ररथ झाला. आदल्या दिवशी तिच्यात गव्हाची पोती होती. गाडी धुतली, हौद्यात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा बसवली. चाचांनी फाळक्यावर नवे कमळ काढायला घेतले आणि एका पाकळीसाठी ब्रश मुलीच्या हातात दिला. पाकळी वाकडी झाली. चाचा म्हणाले, "राहू दे. ही तुझी सही."

आता तिच्या वहीत नारळाची झाडे नाहीत. अनकाई-टनकाईचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याचा रस्ता आहे, आणि त्यावर एक ट्रक आहे. खाली लिहिले आहे, 'माझ्या मामाचा ट्रक'.

वाचकहो, आपल्याही घरात कोणी रिक्षा चालवत असेल, कोणी हातगाडी ओढत असेल, कोणी पाण्याच्या टँकरवर असेल. एखाद्या रविवारी मुलांना ती गाडी जवळून दाखवा. ती कोणी घडवली, कोणी रंगवली, ते विचारा. आणि कोपऱ्यातले नाव वाचायला विसरू नका.