प्लायवुडचे गाव

ग्रीसला जाऊन आलेला माणूस अ‍ॅक्रॉपोलिसबद्दल बोलला नाही, तर त्याचे भाडे फुकट गेले असे आपल्याकडे समजतात. अ‍ॅक्रॉपोलिस मीही पाहिले. त्याच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि मी त्यात भर घातली नाही म्हणून त्या खांबांचे काही बिघडणार नाही. मला सांगायचे आहे ते एका वेगळ्याच गावाबद्दल. मी पाहिले तेव्हा ते अजून पुरते उभे राहिले नव्हते आणि ते मोडायचे कधी, हे मात्र आधीच ठरून गेले होते.

ही गोष्ट २००० सालच्या एप्रिलमधली. मी तेव्हा विशीत होते. माझा मामा जहाजावरची नोकरी सोडून पिरेअस बंदरातल्या एका कंपनीच्या कचेरीत बसू लागला होता. त्याने मला सुट्टीत बोलावून घेतले आणि एक दिवस मामा, मामी आणि मी अशी तिघे पात्रासहून बोटीने केफालोनिया बेटावर गेलो. ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात जी बेटे आहेत, त्यांतले हे सर्वांत मोठे. बोट लागते ती सामी नावाच्या लहानशा बंदरात. पाठीशी डोंगर, पुढे निळेशार पाणी आणि पलीकडे हाताच्या अंतरावर दुसरे बेट.

“ते इथाका,” मामा मोठ्या ऐटीत म्हणाला, “ओडिसियसचं गाव!”

“वीस वर्षं बायकोला वाट पाहायला लावली, तोच ना?” मामीने विचारले. बोटीवर वीस वर्षे काढलेला मामा एकदम डोंगराकडे पाहू लागला.

धक्क्यावर उतरलो आणि पाहतो तो सगळे बंदर बांबूंच्या परातीसारखे लोखंडी नळ्यांनी वेढलेले. करवतींची करकर, हातोड्यांची ठोकठोक, ओल्या रंगाचा वास. लग्नघरी मांडव घालण्याची गडबड असावी तशी गडबड. चौकशी करता कळले, की येथे चित्रपटाचे चित्रीकरण व्हायचे आहे. लुई द बर्नियर या इंग्रज लेखकाची ‘कॅप्टन कोरेलीज मँडोलिन’ ही १९९४ सालची कादंबरी फार गाजली होती. तिच्यावरून जॉन मॅडन हे दिग्दर्शक चित्रपट काढत होते; निकोलस केज आणि पेनेलोपी क्रूझ त्यात कामे करणार होती. नटमंडळी यायची होती. आली होती ती सुतार आणि रंगारी मंडळी, आणि खरे सांगायचे तर मला तीच अधिक आवडली.

कादंबरी दुसऱ्या महायुद्धातली. बेटावर इटालियन फौजेचा तळ पडतो आणि एका इटालियन कप्तानाचा एका ग्रीक डॉक्टरच्या मुलीवर जीव जडतो. पण प्रेमकथेच्या खाली एक भयंकर सत्य आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा या बेटावरच्या ‘आक्वी’ डिव्हिजनने आपली शस्त्रे जर्मनांच्या हवाली करायला नकार दिला. काही दिवस लढाई झाली, आणि शरण आलेल्या इटालियन सैनिकांना जर्मनांनी हजारोंनी गोळ्या घातल्या. ग्रीक डाव्या गनिमांचे कादंबरीतले चित्रण मात्र अनेक ग्रीकांना मुळीच रुचले नव्हते. ते दुखणे वेगळे. त्यात मी शिरत नाही.

कथा त्या काळातली, म्हणजे गावही त्या काळातले हवे. आणि तेच तर या बेटावर उरलेले नाही. केफालोनियावर पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ तीनशे वर्षे व्हेनिसचे राज्य होते. कमानी, लोखंडी कठड्यांचे सज्जे, लाकडी झडपांच्या उंच खिडक्या, घंटेचे मनोरे अशी येथली जुनी गावे होती. ऑगस्ट १९५३ मध्ये लागोपाठ भूकंपाचे धक्के बसले. १२ तारखेचा सर्वांत मोठा, ७.२ चा. उत्तर टोकाचे फिस्कार्दो तेवढे बचावले. बाकी बेटावर धड घर म्हणून राहिले नाही. शेकडो माणसे मेली. उरलेल्यांपैकी पुष्कळांनी ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची वाट धरली. १९९३ साली किल्लारीला आपण जे पाहिले तेच: दगडाच्या ज्या जाड भिंतींच्या भरवशावर माणसे झोपली, त्यांनीच त्यांना गाडले. नंतर सरकारी नमुन्याबरहुकूम काँक्रीटची ठेंगणी, चौकोनी घरे उठली. पोस्टाच्या पेट्यांना दारे लावावी तशी.

आता या पेट्यांच्या पुढ्यात जुने केफालोनिया उभे राहत होते. मोठ्या चिरेबंदी भिंतीपाशी गेल्यावर मामीने मडके वाजवून पाहावे तशी ती बोटाने वाजवली. आतून रिकाम्या डब्याचा आवाज आला. दगड म्हणून जे दिसत होते ते प्लायवुड आणि प्लॅस्टर. कमानीतून आत डोकावले तर मागे नळ्यांचा सांगाडा आणि त्याच्याही मागे एक उपाहारगृह. त्याचा मालक शांतपणे कॉफी विकत होता. नेपथ्य हा शब्द मी पुढे वर्गात कितीदा तरी शिकवला, पण पडद्यामागे काय असते ते त्या दिवशी पाहिले.

एक रंगारी सज्जाखाली पावसाचे ओघळ रंगवत होता. कुंचला पाण्यात बुडवायचा, दोन पावले मागे यायचे, डोळे बारीक करायचे, पुन्हा एक ओघळ. आपल्याकडे घरमालक जे डाग बुजवण्यासाठी रंग काढतात, ते डाग पाडण्यासाठी हा माणूस पगार घेत होता! गंजाची एक रेघ तर त्याने इतकी हुबेहूब काढली, की मामीने रुमालाने पुसून पाहिली.

समोर खुर्ची टाकून काळ्या कपड्यांतल्या एक बाई बसल्या होत्या. साठीच्या असाव्यात. मामाला ग्रीक बोलता येत असे. त्याने नमस्कार केला आणि गप्पा सुरू झाल्या. भूकंपाच्या वेळी त्या तेरा वर्षांच्या होत्या. रोज दुपारची कामे उरकली, की येथे येऊन बसतात म्हणाल्या.

“हेच का तुमचं जुनं गाव?” मामाने विचारले.

“छे!” बाई ठसक्यात म्हणाल्या. “सगळं चुकीचं आहे. असा चौक इथं नव्हताच. हे काहीतरी अर्गोस्तोलीसारखं केलंय.” मग थोडे थांबून त्यांनी एका हिरव्या झडपेकडे बोट दाखवले. “पण खिडक्या आमच्याच आहेत. माझी मावशी अशाच खिडकीत तुळशीची कुंडी ठेवायची.”

ही तुळस म्हणजे त्यांची ‘वासिलिको’, आपल्या तुळशीची बहीण. मामाने भाषांतर केले आणि मामीचे डोळे एकदम बदलले. तोवर ती सेट पाहत होती. आता ती घर पाहू लागली.

एक सुतार फळी खांद्यावर घेऊन जात होता. चित्रपटातही भूकंप व्हायचा आहे, असे तो सांगत होता. मामाने बाईंना विचारले, “हे पुन्हा पडताना पाहायला तुम्ही याल?”

“येईन की,” बाई म्हणाल्या. “या वेळी निदान आधी कळलंय.”

त्या हसल्या. आम्हाला काही हसता आले नाही.

मग त्यांनी आम्हाला आपल्या घरी नेले. घर प्लायवुडच्या रांगेच्या अगदी मागे. चौकोनी, पांढरे, गच्चीवर काँक्रीटमधून वर आलेल्या सळ्या. बाईंनी कॉफी केली, वाटीत चमचाभर गोड मुरांबा दिला. घर कुरूप आहे असे त्याच म्हणाल्या. लग्न याच घरात झाले, मुले याच घरात झाली, तरी स्वप्नात मात्र मावशीचे घर येते.

चित्रपट २००१ साली आला. मला तो फारसा आवडला नाही. नायकाचे इटालियन वळणाचे इंग्रजी ऐकवत नाही. भूकंपाच्या प्रसंगी मी पडद्यावर ती हिरवी झडप शोधत राहिले, ती काही सापडली नाही.

पुढे २०१४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत केफालोनियाला पुन्हा दोन मोठे धक्के बसले, दोन्ही सहाच्या आसपासचे. पश्चिमेकडच्या लिक्सुरीच्या बाजूला मोठी पडझड झाली. रस्ते खचले, बंदराचा धक्का फाटला. बातमी वाचताच मी मामीला फोन केला. तिनेही ती वाचली होती. घरांना तडे गेले होते, पण १९५३ नंतर बांधलेली ती ठेंगणी घरे माणसांवर कोसळली नव्हती. एकही माणूस दगावला नव्हता.

“मग बाईंचं घर असेल,” मामी म्हणाली. “पूर्वेला आहे ना सामी?”

पूर्वेला आहे, मी म्हटले.