कोंड्याचा मांडा

गेल्या उन्हाळ्यात भाची सुटीसाठी नाशिकला आली होती. तिच्या इंग्रजीच्या पुस्तकातील एक म्हण तिला अडली. डुकरिणीच्या कानापासून रेशमी थैली करता येत नाही, असा त्या म्हणीचा शब्दशः अर्थ. मूळ द्रव्यच हिणकस असेल तर कारागिराचे कौशल्य व्यर्थ, हा भावार्थ. मराठीत काय म्हणतात, असे तिने विचारले. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?' असे मी सांगितले आणि सांगताक्षणीच नेमकी उलट बोलणारी आपली दुसरी म्हण आठवली : कोंड्याचा मांडा करणे.

मांडा ज्यांनी होताना पाहिला आहे त्यांना या शब्दप्रयोगातील धाडस कळेल. खानदेशाकडच्या बायका गव्हाचे वस्त्रगाळ पीठ घेतात, कणीक तार सुटेपर्यंत तिंबतात, पुरण भरून ती दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकतात. हे सारे पिठातल्या चिकटपणावर चालते. कोंड्यात तोच नसतो. म्हणजे इंग्रजी म्हण जे अशक्य म्हणून सांगते, तितकेच अशक्य काम मराठी म्हण एखाद्या गृहिणीच्या नावावर सहज जमा करून टाकते.

अर्थात अशक्य हा शब्दही जपूनच वापरावा. अमेरिकेतील आर्थर डी. लिट्ल या रसायनतज्ज्ञाने १९२१ साली डुकरिणींच्या कानांपासून काढलेल्या सरसाचा धागा करून खरोखरच एक थैली विणवून दाखवली. म्हण खोटी पाडण्याची ती हौस होती. मात्र त्याच्यामागे सुसज्ज प्रयोगशाळा होती, हेही ध्यानात घ्यायला हवे.

आमच्या जिल्ह्याला अशा करामतींचे कौतुक जुने आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळेना, तेव्हा त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडे नेसवले, आणि १९१३ साली चित्रपट पडद्यावर आला. ही गोष्ट आपण आवडीने सांगतो. त्याच चित्रपटापायी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, चित्रणाला आलेल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला आणि रात्री फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही त्यांनीच केले. हा भाग आपण सांगतो, पण आवाज थोडा खाली आणून.

ज्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे, त्यांच्याच भावंडांची मांड्यांची कथाही अशीच. विसोबाच्या द्वेषामुळे मुक्ताबाईला कुंभारवाड्यात खापर मिळाले नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि तिने तीवर मांडे भाजले. लहानपणी मी या कथेतला चमत्कार ऐकत असे. आता वाटते, त्या कथेत हिशेबही आहे. खापर नाकारले गेले, म्हणून कोणाची तरी पाठ तापली.

हे आता वाटण्याला एक कारण आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही सिन्नरच्या बाजूच्या एका गावात राहत होतो. रेशनवर लाल मिलो मिळे. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरत नसे. आई त्यात चाळणीतला कोंडा, कधी उकडलेली पालेभाजी मिसळून काहीतरी करी आणि आम्ही भावंडे ते खात असू. 'हिने कोंड्याचा मांडा केला,' असे आजी आल्यागेल्याला सांगायची. २०२२ साली आईची पंचाहत्तरी झाली. तेव्हा मी हाच प्रसंग चार लोकांसमोर रंगवून सांगितला. आईच्या कल्पकतेवर टाळ्या पडल्या.

रात्री पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "मांडा कसला रे, कोंडाच होता तो. तुम्हांला कळू दिलं नाही, एवढंच." मग थोडे थांबून, "आणि तोसुद्धा सगळ्यांना पुरायचा नाही."

पन्नास वर्षे मी ती गोष्ट सांगत आलो होतो आणि तिच्यात आई काय जेवत होती हे मी एकदाही विचारले नव्हते. शब्दप्रयोगानेच मला ती सवलत दिली होती. करणारीचे कौतुक केले की पीठ का नव्हते, हा प्रश्न कोणाला पडत नाही. घरातल्या पुरुषांना नाही, गावाला नाही, सरकारलाही नाही. आज कार्यालयांतून 'जुगाड' या शब्दाचा जो गौरव चालतो, तोही ऐकताना मला हीच धास्ती वाटते. इंग्रजी म्हण निर्दय आहे खरी, पण द्रव्य वाईट आहे एवढे तरी ती उघड कबूल करते.

यावरून कौतुक करूच नये, असे मला म्हणायचे नाही. आईच्या हातात कसब होतेच, नाहीतर आम्ही वाचलो नसतो. ते कसब तिच्याकडून किती आणि कोणी वसूल केले, एवढे त्याच दमात सांगितले गेले पाहिजे.

भाचीने वहीत दोन्ही म्हणी लिहून घेतल्या. तांदूळ निवडत बसलेल्या आजीला तिने विचारले, "आजी, यातली खरी कोणती?"

आई हातातले सूप न थांबवता म्हणाली, "दोन्ही लिही. पण आधी पीठ आणायचं बघा म्हणावं."